तांबडीच्या मानेची दोरी

माझ्या मालकीच्या आजवर पाच बास गिटारी झाल्या, आणि त्यांतली जी सगळ्यात पहिली, जिच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव, ती माझ्याकडं नाही. ती माझ्या माहेरच्या गावी, राहूला आमच्या घरी, देवाच्या खोलीत, तीन ढोलांच्या शेजारी उभी असते. तिला दोनच तारा आहेत. रंग तांबडा, पण एका बाजूनं त्याचे पोपडे निघालेत. मानेच्या बुडाशी सुती दोरीचे वेढे आहेत आणि त्या दोरीत ढोल वाजवायचं एक दांडकं अडकवून बांधलेलं आहे. नव्या माणसाला वाटतं, मोडकी वस्तू टाकून द्यायची राहून गेली असावी. माझ्या भावाची सून लग्न होऊन आली, त्या पहिल्याच दिवाळीच्या झाडलोटीत तिनं ही गिटार भंगाराच्या ढिगात नेऊन ठेवली होती. सगळं घर तिच्यावर असं धावून गेलं की पोरगी रडायलाच लागली. मग मी तिला जवळ बसवून सगळी हकिकत सांगितली. ऐकून झाल्यावर नाक पुसत म्हणाली, "आत्या, हे लिहून ठेवा की कुठंतरी." तर हे तिच्यासाठी.

ज्यांना ही वस्तू माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. साध्या गिटारीपेक्षा बासची मान लांब, तारा चारच पण सुतळीसारख्या जाड, आणि ती वाजते गाण्याच्या तळाशी. गाणारीचा गळा, ढोलकीची थाप, की-बोर्डच्या लडी हे ऐकणाऱ्याच्या कानाला लगेच कळतं. बास कळते ती छातीत आणि पोटात, आणि ती वाजवणाऱ्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. पुष्कळ वर्षं मी हे काम केलं. शिरूर, दौंड, पार नगरपर्यंतच्या ऑर्केस्ट्रांत बास वाजवणारी बाई मला तरी दुसरी भेटली नाही, आणि मी चांगली वाजवत होते. हे सांगताना आता मी मान खाली घालणार नाही. तरुणपणी पुष्कळ घातली.

आम्ही धनगर. आजोबांच्या काळापर्यंत आमचं घर म्हणजे मेंढरांमागं चालणं. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचं आणि उन्हाळा संपत आला की परत वर यायचं. माझ्या वडिलांनी, आबांनी, राहूला जमीन धरली, ऊस लावला, पक्क्या विटांचं घर बांधलं, आणि मेंढरं गेली. त्या दिवसांतलं घरात उरलं ते एवढंच: लोकर कातरायची मोठी कातर आणि ढोल. आबा गावच्या गजी मंडळाचे म्होरके होते. गजीत पंधरा-वीस गडी पांढरे फेटे बांधून, हातात रंगीत रुमाल घेऊन गोल धरून नाचतात, आणि सगळ्यांचं पाऊल पडतं ते म्होरक्याच्या ढोलावर. त्या ढोलाची एक बाजू कडक वाजते, दुसरी खाली घुमते. मला लहानपणापासून ती घुमणारी बाजूच ऐकू यायची. ओसरीवर आबांचा ढोल सुरू झाला की आत आईचा हात भाकरी थापताना त्याच ठेक्यावर पडायचा. तिला तसं सांगितलं की ती म्हणायची, "काय बी बोलू नको. काकवी घे अन् जेव."

ढोलाचं एक असतं. थंडीत, दवात त्याचं कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो. मग शेकोटी करायची, ढोल तिच्यापाशी धरायचा, सारखा फिरवत राहायचा, मधेमधे टिचकी मारून कान लावायचा. जास्त तापला तर कातडं फाटतं, कमी तापला तर बोलत नाही. किती तापला म्हणजे पुरे, हे आबांइतकं पंचक्रोशीत कुणाला कळत नसे. दुसऱ्या गावची मंडळंसुद्धा आपले ढोल आबांच्या हाती देत.

आणि खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळीकडंच हत्यारांची, अवजारांची पूजा होते, पण आमच्या घरचा एक जास्तीचा नियम होता. देवासमोर घोंगडी अंथरायची, तिच्यावर आधी कातर, मग तिन्ही ढोल, मग झांजा अशी रांग मांडायची, आणि आबा एकेकाला भंडारा लावत पुढं सरकायचे. त्या रांगेत जे बसलं ते घराचं झालं. ते पुन्हा विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, वाटणीत तोडायचं नाही. पाहुण्याकडून वापरायला आणलेली झांज एकदा माझ्या भावानं चुकून रांगेत ठेवली, तर आबांनी त्या पाहुण्याला नवी झांज घेऊन दिली आणि ही ठेवून घेतली. रांगेचा मान एवढा.

बारावीनंतर मला शिरूरला मामाकडं ठेवलं, कॉलेजसाठी. मामा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. दिवसभर गाड्यांखाली, आणि सुट्टी असली की ऑर्केस्ट्रा. स्वतः की-बोर्ड वाजवायचे आणि सगळ्यांना हाकायचे. लग्नं, वाढदिवस, शाळांची स्नेहसंमेलनं, काही विचारू नका. त्यांचा बास वाजवणारा रांजणगावच्या एका कारखान्यात लागला, त्याला पाळ्या सुरू झाल्या, आणि त्याची तांबडी गिटार मामांनी ठेवून घेतली. ती पुढं कित्येक दिवस आमच्या स्वयंपाकघरात पिंपाच्या मागं उभी होती, कारण दुसरीकडं जागाच नव्हती. एका दुपारी मामी हुलग्याचे शेंगोळे वळत बसली होती आणि मी अभ्यासाचं सोंग करत होते. सहज हात लांब करून मी तिची सगळ्यात जाड तार ओढली. आवाज असा आलाच नाही. पण तिची कड भांड्यांच्या मांडणीला टेकलेली होती आणि मांडणीतली पितळी परात थरथरली. लांब, खाली घुमणारी थरथर. मी ती ओळखली. आबांच्या ढोलाची घुमणारी बाजू तिथं, शिरूरच्या स्वयंपाकघरात, परातीत वाजत होती.

त्या दिवसापासून मी मांडणीपाशी बसून शिकले. विजेच्या डब्याशिवाय बास मुकी असते, आणि तो स्पीकरचा डबा मामा डेपोजवळच्या मित्राकडं ठेवत. म्हणून मी गिटारीची कड मांडणीला टेकवायची आणि कुठल्या सुराला कुठलं भांडं बोलतं ते बघायची. जाड तार मोकळी सोडली की परात. तिसऱ्या पट्टीवर दाबली की चौथ्या ओळीतली दोन ताटं. एक सूर असा होता की फक्त मामीच्या माहेरचा तांब्या गुणगुणायचा, बाकी सगळं गप्प. पुढं मोठ्या मोठ्या वादकांनी मला विचारलं, तुमचा कान इतका पक्का कसा? त्यांना काय सांगणार, तांब्या म्हणून? मामी सुरुवातीला करवादायची. "अगं, माझी भांडी बोलायला लागली, शेजारच्या बायका विचारतात घरात काय भुताटकी हाय का!" पण महिन्याभरात तिलाच सवय झाली. मी चुकले की चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायची, "परात न्हाई वाजली इमल, पुन्यांदा घे." विमल माझं नाव. आमच्याकडं कुणी ते व पासून म्हटलेलं मला आठवत नाही.

वर्षभरानं मामांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी स्पीकरचा डबा घरी आणला. मग मी त्यांच्याबरोबर कार्यक्रमांना जायला लागले. "जी वाजवती तिची," असं म्हणून तांबडी त्यांनी मलाच देऊन टाकली. मी ती मामीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन राहूला आणली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. मी तिला खोबरेल तेल लावून पुसून लख्ख केली आणि सकाळी घोंगडीवर, झांजांच्या पलीकडं, रांगेच्या अगदी शेवटी ठेवली. तिथंसुद्धा बसायला मिळालं तरी मला पुष्कळ होतं.

आबा भंडाऱ्याची वाटी घेऊन आले. कातरीला लावला, ढोलांना लावला, झांजांना लावला. तांबडीपाशी थांबले. मग वाटी खाली ठेवून त्यांनी ती उचलली आणि दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवली.

"रांगेत घरचं बसतंय," ते म्हणाले. "हे मामाचं हाय."

"मामांनी दिलीय मला, आबा."

"दिली आसंल. पन इमे, खरं सांगू का? शिरूरच्या त्या शाळंत मी तुझा कार्यक्रम बघितला. सगळा येळ हुभा व्हतो. तुझी बोटं हालत्यात ते दिसत व्हतं. ऐकू काय आलं न्हाई. ज्याचा आवाजच येत न्हाई ते वाजवून काय करायचं?"

पोरीच्या जातीनं स्टेजवर उभं राहू नये असं ते म्हणाले असते, तर मी भांडले असते. त्याची माझी तयारी होती, उत्तरं पाठ होती. पण ऐकू येत नाही याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. ज्यांचा ढोल मी त्या लाकडात शोधून काढला होता, त्यांनाच तो ऐकू आला नव्हता. आबा वाटी उचलत म्हणाले, "पाव्हण्याला भांडगावचा शब्द दिलाय न्हवं तू? तेवढा कर. मग ती देऊन टाक ज्याची त्याला, आन् घरी ये. परीक्षेला जा हितनं." आबांनी एकदा सांगितलं की आमच्या घरात पुन्हा विषय निघत नसे. त्या दिवशी पुरणपोळी होती. मी खाल्ली नाही. आईनं ती दुसऱ्या दिवशी मला डब्यात बांधून दिली.

भांडगावचा कार्यक्रम म्हणजे एका बागायतदाराच्या नव्या पेट्रोल पंपाचं उद्घाटन. त्यांना सगळे बापू म्हणत. पुण्या-सोलापूरच्या रस्त्यावर पंप, त्यामुळं बापूंच्या अंगात उत्साह मावत नव्हता. त्यांना ऑर्केस्ट्रा पाहिजे होता, आणि गजीही पाहिजे होती. म्हणजे मामांचा ऑर्केस्ट्रा आणि आबांचं मंडळ, दोन्ही एकाच मांडवात. मार्गशीर्षाचे दिवस, सकाळची वेळ, आणि थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ यायची. आम्ही शिरूरहून टेम्पोनं आलो, राहूची मंडळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. आबांनी स्टेजकडं एकदा बघितलं, मामांना "राम राम पाव्हणं" म्हणाले, आणि ढोल गरम करायला शेकोटी कुठं करायची ते विचारलं. तेवढ्यात बापूंची माणसं धावत आली. पंपाच्या आसपास काडीसुद्धा ओढायची नाही! शेवटी मंडळ तुराट्यांचे भारे घेऊन लांबच्या पडीक रानात गेलं.

मी तांबडी जुळवत होते. बोटं काकडलेली, सूर धरला की पुन्हा हलायचा. मी वैतागून मामांना म्हणाले, "मामा, थंडीनं हिचा सूरच थांबत नाही." तेव्हा आबा स्टेजखाली उभे होते, विसरलेली झांजांची पिशवी न्यायला परत आलेले. त्यांनी ऐकलं, हे मला नंतर कळलं. मी गिटार स्टेजवरच्या बाजेवर ठेवली आणि साडी बदलायला बापूंच्या घरी गेले. मामीनं मला चमकीची निळी साडी दिली होती. परत आले तर बाजेवर गिटार नाही. मामांना विचारलं, ते म्हणाले, "दाजी घेऊन गेले, मला वाटलं तूच सांगितलंस."

मी पडीक रानाकडं बघितलं. धूर दिसत होता. साडीच्या निऱ्या हातात धरून मी ढेकळांतून पळत सुटले.

शेकोटीभोवती तीन ढोल तापत होते, आणि चौथी माझी तांबडी. आबा उकिडवे बसून तिला दोन्ही हातांनी विस्तवासमोर धरून फिरवत होते, भाकरी शेकावी तशी एक बाजू झाली की दुसरी, आणि मधूनमधून बोटानं टिचकी मारून कान लावत होते. आपल्या ढोलाला जितकं जपत तितकंच. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "लई गारठली व्हती बघ," ते म्हणाले. "आता तापली. घे, वाजव." आणि त्यांनी ती मला दोन्ही हातांनी दिली, जसा ते आपला ढोल देत.

माझ्या हातात आल्या आल्या तिच्यात कट्ट असा आवाज झाला. सरसानं चिकटवलेली मान सांध्यातून उचकटली, पुढं आली, आणि चारी तारा कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या लोंबल्या. तांबड्या रंगाला एका अंगानं फोड आले होते.

मी ओरडले. जन्मात पहिल्यांदा आबांवर ओरडले, आणि सगळ्या मंडळासमोर. "आबा, लाकूड हाय ते! कातडं न्हाई!"

तुराट्या तडतडत होत्या. आबा माझ्या हातातल्या गिटारीकडं बघत होते, मग त्यांनी स्वतःच्या हातांकडं बघितलं. ज्या हातांच्या जोखण्यावर दहा गावं विसंबून होती, ते हात. आज इतक्या वर्षांनीही ते ओरडणं माझ्या कानात आहे. मामा मागून धापा टाकत आले. त्यांनी एका नजरेत सगळं ओळखलं. "राहू दे इमल," ते हळू म्हणाले. "बासचं आज मी डाव्या हातानं भागवतो की-बोर्डवर. अर्ध्या तासात काय व्हायचं न्हाई."

म्हणजे संपलं. हा एक कार्यक्रम करून देऊन टाकायची असं ठरलं होतं, तोही गेला. आता परत द्यायलाही नीट वस्तू उरली नव्हती. मी तिथंच ढेकळावर बसले, चमकीच्या साडीसकट. आणि आबांना तर हेच पाहिजे होतं ना, असंही माझ्या मनात येऊन गेलं. आलं ते खोटं कशाला सांगू?

आबा उठले. त्यांनी आपला ढोल जवळ ओढला, मांडीत धरला आणि त्याच्या दोरीची गाठ सोडायला लागले.

मंडळातले म्हस्कूतात्या, आबांच्याच वयाचे, एकदम पुढं आले. "आबा, आवो काय करताय? ढोल सुटला तर आज परत आवळून व्हायचा न्हाई. म्होरं कोन वाजवनार?"

आबांनी कड्यांमधून सरसर दोरी ओढून काढली. दोन्ही बाजूंची कातडी ढिली पडली आणि आबांचा ढोल, जो माझ्या आठवणीत एकाही कार्यक्रमाला मुका राहिला नव्हता, रिकाम्या पिंपासारखा बाजूला पडला. "इमे, हिकडं ये," ते म्हणाले. "ताण कमी करायचा तर कंच्या तारा काढू?" मी कसंबसं सांगितलं, बारीक दोन. त्या काढल्या. आबांनी बाभळीची एक कपची तासून सांध्यात ठोकली, मान आत दाबली, आणि दोरी गिटारीच्या कमरेभोवती आणि मानेच्या बुडाभोवती उलटसुलट वेढत नेली. मग वेढ्यांत आपलं ढोलाचं दांडकं घालून पिळायला लागले. गाडीतला कडबा आवळतात ना, तसं. एक पीळ, दुसरा, तिसरा. लाकूड करकरलं. चौथ्या पिळाला मान जागेवर बसली. त्यांनी दांडकं तिथंच बांधून टाकलं. आता त्यांच्याकडं दोरी नव्हती, दांडकं नव्हतं आणि ढोलही नव्हता.

"वाजव," ते म्हणाले.

मी उरलेल्या दोन तारा ताणल्या आणि जाड तार ओढली. उघड्या रानात, डब्याशिवाय, आवाज कुठून येणार? म्हस्कूतात्यांनी मान हलवली. आबा मात्र खाली वाकले आणि तांबडीच्या अंगाला कान लावून बसले. मी पुन्हा ओढली. ते बराच वेळ तसेच राहिले. मग म्हणाले, "येतोय."

कार्यक्रम सुरू झाला. गाणी झाली, मी दोन तारांवर निभावून नेली. दोन तारांत काय येतं आणि काय टाळायचं हे बोटांनी आपोआप शोधलं. खरी परीक्षा गजीची होती. गडी गोल धरून उभे राहिले, दोन्ही ढोल सुरू झाले, पण ते म्होरक्याच्या मागं चालणारे ढोल. पुढं कुणीच नव्हतं. पावलं अडखळायला लागली. एक गडी डावीकडं वळला तर दुसरा उजवीकडं. बापूंच्या कपाळावर आठी पडली. आबा स्टेजच्या कडेला, मोठ्या स्पीकरच्या डब्यापाशी, रिकाम्या हातांनी उभे होते. मामांनी माझ्याकडं बघितलं आणि डोळ्यांनी खूण केली.

मी डब्याची चावी पूर्ण फिरवली आणि आबांचा ठेका धरला. जाड तारेवर घुमणारी बाजू, दुसऱ्या तारेवर कडक बाजू. तो मला शिकावा लागला नव्हता. मी जन्मापासून त्याच्यावर जेवले होते, झोपले होते. पहिली दोन आवर्तनं गडी दचकले. मग म्हस्कूतात्यांनी रुमाल उडवला, एक आरोळी ठोकली, आणि सगळ्यांचं पाऊल एकदम खाली आलं. मांडवाचे पत्रे थरथरत होते. बाया लेकरांना कडेवर घेऊन पुढं आल्या. आबांनी डब्यावर आपला पंजा ठेवला होता आणि तो तसाच होता.

बापू त्यांच्याजवळ गेले. गाण्याचा माइक तिथंच कडेला होता, म्हणून सगळ्या मांडवाला ऐकू आलं.

"आबा, तुमचा ढोल कुठं हाय? आज तुम्ही मोकळेच?"

"वाजतोय की वर," आबा म्हणाले. "ऐका."

मी त्यानंतर मोठ्या मांडवांत वाजवलं, नावाजलेल्या गायकांमागं वाजवलं, एकदा तर लोकांनी मला पुढं बोलावून टाळ्या वाजवल्या. त्या बोलण्याच्या पासंगालाही काही पुरलं नाही. तेव्हा मात्र मला रडायलाही फुरसत नव्हती, गजी आणखी बराच वेळ चालली. जेवायला बुंदी आणि मसालेभात होता. आबा माझ्या शेजारी पंगतीत बसले, पण कौतुकाचा एक शब्द बोलले नाहीत. मी ओरडल्याबद्दल माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "बुंदी घे. आन् ती दोरी सोडू नगं."

तांबडी कुणाला परत द्यायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. मी शिरूरलाच राहून परीक्षा दिली आणि कार्यक्रम करत राहिले. आबांनी ढोलाला नवी दोरी घातली, नवं दांडकं तासलं. पुढच्या खंडेनवमीला मी गिटार लुगड्यात गुंडाळून आणली खरी, पण रांगेत ठेवायचं धाडस झालं नाही. मी ती दाराबाहेर टेकवली, गेल्या वर्षी होती तिथंच. आबा आंघोळ करून आले, तिला उचलून आत घेऊन गेले, आणि झांजांच्या पलीकडं नव्हे, कातरीनंतर आपला ढोल आणि ढोलानंतर लगेच तांबडी, अशी ठेवली. भंडारा लावताना ढोलाला लावला तेवढाच तिला लावला. आई दारात उभी होती. ती म्हणाली, "बया, रांगच बदलली की." मी त्या दिवशी पाच पोळ्या खाल्ल्या.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं, दौंडला. नवरा रेल्वेत, गाण्याचा शौकीन, लग्नाआधी मला दोनदा ऐकून गेलेला. सामान बांधताना मी तांबडी घ्यायला देवाच्या खोलीत गेले, तर आबा दारात आडवे.

"ती न्हाई जायाची."

"आबा, माझी गिटार आहे ती!"

"रांगेत बसलीय ती. रांगेतलं लेकीबराबर जात न्हाई."

"तुम्हीच म्हणाला होता, देऊन टाक म्हणून!"

"तवा ती मामाची व्हती," आबा म्हणाले. आणि वर हसले.

मी चिडले, भांडले, आईकडं गेले, मामांना मध्ये घातलं. काही उपयोग झाला नाही. म्हणून दुसरी गिटार घ्यावी लागली, काळी, जड, जिनं माझा डावा खांदा कायमचा खाली आणला. तिसरी पाच तारांची होती, तिच्याशी माझं कधी जमलं नाही, ती मी एका हुशार विद्यार्थिनीला दिली आणि ती तिच्या हातात गुणी निघाली. चौथी आणि पाचवी अजून वाजतात. चांगल्या आहेत सगळ्या, तांबडीपेक्षा कितीतरी चांगल्या. पण राहूच्या रांगेत मी त्यांतली एकही कधी ठेवली नाही. भीतीच वाटते, घरात ठेवूनच घेतील.

दर खंडेनवमीला मी दौंडहून राहूला जाते. आबा होते तोवर तिच्या दांडक्याला वर्षातून एक पीळ तेच द्यायचे, लाकूड आकसतं म्हणून. ते गेल्यावर पहिल्या वर्षी मी दिला. भावानं गिटार धरून ठेवली. यंदा मी भावाच्या सुनेला पुढं बोलावलं, जिनं ती भंगारात काढली होती तिला. ती घाबरत घाबरत घोंगडीवर बसली, दांडकं दोन्ही हातांनी धरलं आणि पीळ दिला. "आत्या, किती पिळू? तुटंल की."

"तार ओढ आणि कान लाव," मी म्हणाले.

तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला, गाल तांबडीच्या पोपडे निघालेल्या अंगाला टेकवला आणि जाड तार ओढली. पोरगी डोळे मिटून ऐकत राहिली.

"येतोय," ती म्हणाली.